माझ्या तोटीतून गेलेलं गुलाबी दूध

मी एक जुनी किटली आहे, मित्रांनो, आणि सगळ्यात आधी मला लानुओलाबद्दल तक्रार करायची आहे. ही आमच्या घरची सून. सकाळी मी पोटभर गोड कोको घेऊन चुलीवर ऐटीत बसलेली असते, आणि ही बया काय करते? सासूची पाठ वळली की माझ्यातला लेकीच्या वाटचा कोको डुकरांच्या पुढ्यात ओतते आणि तिच्या बाटलीत साधं पाणी भरते. तोंडातून अवाक्षर नाही. असा अपमान माझा कुणी केला नव्हता. डुकरं गुटगुटीत झाली आणि मी रागानं काळी पडले. आधीचीच काळी होते, ती गोष्ट वेगळी.

माझा मान काय होता, ते ऐका. समुद्रापलीकडच्या कारखान्यात ॲल्युमिनिअमच्या पत्र्यातून मला ठोकून काढलं. आमच्या बेटावरच्या आपिया शहरात, एका दुकानात मी खुंटीला लटकत होते. तौसाला, म्हणजे आताची सासू, तेव्हा नवी नवरी होती. तिनं मला बोटांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "आवाज माझ्यासारखा खणखणीत आहे. हीच द्या." लाकडी बाकांच्या बसमधून, तिच्या मांडीवर बसून मी गावात आले.

तौसाला कोकोच्या बिया स्वतः भाजते, स्वतः कुटते. माझ्यात पाणी उकळलं की ते कुटलेलं काळंभोर सारण आत पडतं आणि वरून साखर, तीही हात न आखडता. लग्न असो, मयत असो, पाद्रीबाबांकडचं जेवण असो, मला बोलावणं ठरलेलं. एका मयताच्या घरी एक म्हातारा म्हणाला होता, "तौसाला, किटली जरा लांब ठेव. वासानं हा उठून बसला तर खड्डा फुकट जाईल." रडणाऱ्या बायकासुद्धा हसल्या होत्या. तेव्हा मी किती फुगले होते म्हणून सांगू!

मग गुलाबी डबा आला.

तौसालाचा लेक, लानुओलाचा नवरा आलापाती दर हंगामाला सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला जातो. तिथून त्यानं आपल्या लेकीसाठी, छोट्या सिएनीसाठी, स्ट्रॉबेरीच्या दुधाची भुकटी पाठवली. डब्यावर एक गोबरं मूल हसत होतं. तौसालाला वाचता येतं ते बायबलपुरतं, आणि तेही आपल्या भाषेतलं. डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं तिनं डोळ्यांनी झटकून टाकली. ती चित्राकडे बघून म्हणाली, "बघा, माझी नात अश्शी दिसणार आहे."

तेव्हापासून सकाळी दूध घातलेला कोको आणि संध्याकाळी गुलाबी दूध, दोन्ही माझ्याच तोटीतून. आधीच गोड असलेल्या भुकटीत तौसाला आणखी दोन चमचे साखर घालायची, कारण कमी गोड देणं म्हणजे कंजूषपणा. सिएनी अजून तीन वर्षांचीही नाही. बाटली तिच्या हातातून सुटेना.

संध्याकाळी तर बाटली लागायचीच. आमच्या गावात दिवेलागणीला शंख वाजतो. शंख वाजला की घराघरात प्रार्थना सुरू. रस्त्यानं कुणी चालायचं नाही, घरातून आवाज यायचा नाही. गावची तरणी पोरं हातात काठ्या घेऊन रस्त्याकडेला उभी असतात, आणि ज्या घरात गडबड होईल त्या घराची शोभा होते. लहान मूल गप्प कसं बसणार? मग शंख वाजला की बाटली तोंडात. प्रार्थना लांबली की दूधही लांबायचं. पोर चोखत चोखतच झोपी जायची आणि तौसाला डोळे मिटून म्हणायची, "किती गुणी आहे माझी नात!"

लानुओला हे सगळं बघायची. ती या घरात लग्न करून आलेली. अशा सुनेला आमच्याकडे नोफोताने म्हणतात. तिनं वाढायचं, धुवायचं, सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि सासूला उलट बोलायचं नाही. मला वाटायचं, ही जळते. माझ्या कोकोवर जळते.

मग बाळांची वजनं करायचा दिवस आला. गावच्या महिला समितीची अध्यक्ष आमची तौसालाच. कुणाच्या घरची मच्छरदाणी फाटली, कुणाचं शौचघर घाण आहे, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. समितीच्या घरात सगळ्यांसाठी कोको हवा, म्हणून मलाही नेलं होतं. सिएनीचा काटा पुढे सरकला तसा तौसालानं पदक मिळाल्यासारखा श्वास सोडला.

नर्सबाईंनी मात्र पोरीची खालची पापणी ओढून पाहिली. मग वरचा ओठ उचलला. पुढचे दात हिरड्यांपाशी तपकिरी होऊन झिजले होते. बोट लागताच पोर किंचाळली.

"बाटलीत काय देता?"

"दूध," तौसाला मान ताठ करून म्हणाली. "न्यूझीलंडचं."

नर्सबाईंनी चार थेंब तळहातावर घेऊन चाटले. "बाई, हे दूध कमी आणि साखरेचा पाक जास्त. वरून रंग आणि वास. सकाळी काय देता?"

"कोको. घरचा आहे, चांगला!"

"तुम्हाला चांगला. त्यात झोप उडवणारा गुण असतो, एवढ्याशा जिवाला तो कशाला? पोट या गोडानं भरलं की मासे, टारोचे कंद कोण खाणार? वजन आहे, पण अंगात रक्त नाही हिच्या. आणि ही साखर तोंडात घेऊन झोपते ना? मग दात राहतील कसे? पुढचे दोन आपियाला नेऊन काढावे लागतील."

तेवढ्यात मागून एक बाई बोलली. तिच्या सुनेनं बाटली नीट धुतली नाही म्हणून तौसालानं त्यांची नवी चटई दंडात घेतली होती. "अध्यक्षीणबाई, तुमच्या दंडाची चटई आता कुणाच्या घरी पोचवायची?"

तौसालानं मला उचललं आणि ती तडक घराकडे चालू लागली. मित्रांनो, ओतणारा हात तिचा, पण तोटी माझी. माझ्यातूनच ते गेलं. ज्या सुनेला मी बया म्हटलं, ती पोरीचे दात वाचवत होती आणि मला माझ्या कोकोच्या मानाचं पडलं होतं. ही लाज घासून निघत नाही. म्हणून सांगते, धाकट्या भावंडाच्या बाटलीत काय आहे ते विचारा. गोड आहे, गुलाबी आहे, लांबून आलंय, एवढ्यानं ते बाळाचं होत नाही. त्याला साधं दूध द्या, पाणी द्या, आणि बसवून जेवू घाला.

घरी आल्यावर तौसालानं विचारलं, "लानुओला, तुला हे ठाऊक होतं?"

"हो, आई. डब्यावर लिहिलंय, इतक्या लहान मुलांना देऊ नका म्हणून. सकाळचा कोकोही मी डुकरांना ओतायची."

"मग बोलली का नाहीस?"

"कोकोत साखर जास्त होते म्हटलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, माहेरी मिळत नव्हती का?"

तेवढ्यात शंख वाजला. सिएनीनं सवयीनं हात पुढे केला. बाटली मिळेना तेव्हा तिनं जो टाहो फोडला, तो चर्चपर्यंत गेला असेल. रस्त्यावरून एकानं आवाज दिला, "कुणाचं घर ते? गप्प करा पोरीला!" लानुओला घाबरून गुलाबी डब्याकडे धावली. तौसालानं तिचं मनगट धरलं, रडणाऱ्या नातीला छातीशी घेतलं आणि भर प्रार्थनेच्या वेळी दारात जाऊन उभी राहिली. "तौसालाचं घर आहे!" ती ओरडली. "पोर रडतेय. रडू दे!"

हळूहळू पोरीचा आवाज बसला. ती दोन घोट पाणी प्यायली आणि हुंदके देत खांद्यावरच झोपली. तौसालाचे डोळे वाहत होते, पण सुनेकडे वळली तेव्हा आवाज तोच होता, खणखणीत.

"ऐक, सूनबाई. माझा गुन्हा मोठा, कारण या घरात जीभ फक्त मला होती. तुझा लहान, पण तू डुकरांना सांगितलंस आणि मला नाही. उद्यापासून पोरीच्या पोटात काय जायचं ते तू ठरवायचं, आणि मी आडवी आले तर माझ्याहून मोठ्यानं ओरडायचं. गप्प बसलीस तर याद राख."