पाठीवरली रेघ

तिचा माउस फार कमी बोलत असे. सुरेशच्या हातातला माउस कोंबडीने दाणे टिपावेत तसा दिवसभर टिकटिकत राही. सारिकाच्या हातातला मात्र कितीतरी वेळ मूक असे आणि मग एकदाच, विहिरीत खडा पडावा तसा वाजे. त्या मुकेपणात ती हनुवटी किंचित उचलून, डावा डोळा अर्धा मिटून पडद्याकडे पाही. काच होती हातभर अंतरावर, पण पाहणे पलीकडच्या माळावर पाहिल्यासारखे. बाहेर मार्चचे ऊन शिरूरच्या स्टँडसमोरचा डांबरी रस्ता मऊ करीत असे, रांजणगावच्या कारखान्यांच्या दुसऱ्या पाळीच्या बसेस हॉर्न देत निघून जात, आणि आत, काळा कागद चिकटवलेल्या खिडकीआड, त्या मुलीच्या गव्हाळ चेहऱ्यावर मॉनिटरचा निळसर उजेड पडे. वेळ चुकलेला चंद्र भर दुपारी उगवावा, असा तो उजेड होता.

ते दोन हजार सालाच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सुरेशच्या डीटीपीच्या दुकानात प्रुफे वाचायला बसत असे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, 'भावी आमदार' असलेल्या इसमांचे वाढदिवस. संशय हा तेव्हा माझा धंदाच होता. प्रुफे वाचणाऱ्याने प्रत्येक शब्दाकडे, तो खिशात काही लपवून चालला आहे अशाच नजरेने पाहायचे असते, आणि ही नजर एकदा जडली की ती संध्याकाळी चष्म्याबरोबर काढून ठेवता येत नाही.

बावीस वर्षांची सारिका पुण्याच्या एका कलामहाविद्यालयात उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला होती. घर न्हावऱ्यावरून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वस्तीवर. वडील धुळाआप्पा, एके काळी मेंढरे घेऊन चार-चार महिने कोकणच्या वाटेवर असलेला माणूस, आता कांदा आणि ज्वारी करून एका जागी बसलेला. बसलेला म्हणजे नाइलाजाने. उभे राहिले की त्यांचे पाय अजूनही चालायच्या बेतात दिसत. शनिवारी सारिका पुण्याहून आली की आधी दुकानात उतरे, सुरेशला पत्रिकांसाठी दोन-तीन गणपती काढून देई आणि त्या बदल्यात दुसऱ्या संगणकावर स्वतःचे काम करी.

तिच्या पिशवीत कॉलेजने दिलेला एक कागद असे. त्यावर लिहिले होते: 'डिजिटल माध्यमाच्या अंगभूत शक्यतांचा शोध घेत अर्थपूर्ण संकल्पना विकसित करा.' मी तो सवयीने तपासला. चूक एकही नव्हती. अर्थही एकही नव्हता. व्याकरणाच्या इस्त्रीखाली मजकूर इतका सपाट झालेला मी फक्त उद्घाटनाच्या भाषणांत पाहिला होता.

"मास्तर, पोरीला कन्सेपच सुचंना झालाय," सुरेश म्हणाला.

"चांगलं लक्षण आहे. ज्यांना सुचतो त्यांची बॅनरं आपण रोज छापतो."

सारिका हसली नाही. ती विनोदाला हसण्याआधी तो तोलून पाही, आणि माझे बहुतेक विनोद त्या तराजूत हलके भरत.

सुरुवातीची तिची चित्रे पाहून मला संशय आला, आणि तो वावगा नव्हता. दोन तळहातांवर तोललेली पृथ्वी. अर्धे हिरवे आणि अर्धे तारांचे झाड. डोळ्यातल्या अश्रूत भेगाळलेली जमीन. मागे केशरी ते जांभळा असा सूर्यास्त, जो संगणकात कधी पुरता मावळत नाही, सरकारी योजनेसारखा क्षितिजावर टांगलेला राहतो. हे सगळे बाजारात मिळणाऱ्या तयार चित्रांच्या सीडींमधून उचललेले असणार, अशी माझी खात्री होती. मी मागे उभा राहून पाहत असे, आणि मी का उभा आहे हे तिला कळत असे.

"चोरलेलं न्हाई, मास्तर," ती पडद्यावरची नजर न हलवता एकदा म्हणाली. "पर माझं हाय असं बी वाटत न्हाई."

त्या वाक्याने मी वरमलो. इतके नेमके समीक्षण मी आमच्या तालुक्यातल्या एकाही कविसंमेलनात ऐकले नव्हते.

मग एका शनिवारी ती एक वही घेऊन आली. वहीत मेंढ्यांची नावे होती. आप्पांनी कळप विकून दहा-बारा वर्षे झाली होती, पण नावे विकलेली नव्हती. ओसरीवर बसून त्यांनी ती एकेक सांगितली आणि हिने लिहून घेतली. बुची, कबरी, चांदी, लांडी, रडकी. घाटात जन्मली म्हणून घाटी. सदा मागे राहणारी म्हणून पाव्हणी. सारिकाने ती नावे टाइप केली आणि कोऱ्या पडद्यावर त्यांचा कळप केला. दुसरे काही नाही. रंग नाही, सूर्यास्त नाही. फक्त अक्षरे, कुठे दाट, कुठे विरळ, एका अदृश्य उतारावरून खाली येणारी. दुरून पाहिले की मराठी वाचता येईनासे होई आणि मेंढ्या दिसत. शिरोरेघ म्हणजे पाठ, काना म्हणजे पाय, वेलांटी म्हणजे वळवलेली मान. साठ वर्षे मी ती रेघ ओढत आलो होतो, मुलांच्या वह्यांत ती वाकडी गेली म्हणून छड्याही मारल्या होत्या. ती कुणाची पाठ असू शकेल, असे मला कधी वाटले नव्हते.

मी त्यात चूक शोधली. ऱ्हस्व-दीर्घाची एक सापडली, तिने ती दुरुस्त केली. सुरेशने दुकानातल्या प्रिंटरवर काळीपांढरी प्रत काढली, सारिकाने ती वस्तीवर नेऊन आप्पांना दाखवली आणि फ्लॉपी घेऊन ती पुण्याला गेली.

पुढच्या शनिवारी ती परतली तेव्हा तिच्या हातात कॉलेजात काढलेल्या मोठ्या प्रिंटची गुंडाळी होती आणि चेहऱ्यावर एक विचित्र सावधपणा होता, परीक्षेत शेजाऱ्याची वही आपोआप दिसल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर असतो तसा. तिने कागद टेबलावर उलगडला. कळप त्याच उतारावर होता, पण नावे गेली होती. त्यांच्या जागी रोमन अक्षरे, कंस, डॉलरची खूण, डोक्यावर टोप्या घातलेले परदेशी स्वर.

सुरेश टेबलावर हात आपटून हसला. "कर्व्ह न्हाई केलंस व्हय गं?"

त्या काळी मराठी फॉन्ट दुकानागणिक वेगळे असत. आपली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर न्यायची तर अक्षरांचे आधी चित्र करून घ्यायचे, त्याला 'कर्व्ह करणे' म्हणत. नाहीतर तिकडे तो फॉन्ट नसला की मराठीची अशी भुताटकी होई. दुकानातल्या पोरासोरांनाही ते ठाऊक होते. सारिका विसरली होती.

"हसू नका, सुरेशभाऊ. सरांना हेच आवडलंय."

मग तिने सांगितले. संगणकावर हा गोंधळ उघडला, आणि काय झाले हे तिला उमगायच्या आत मागून सर आले. थबकले. म्हणाले, हे विस्थापन आहे. हा भाषेचा अर्थभंग आहे. त्यांनी आणखी दोघा अध्यापकांना बोलावले, आणि तिघे त्या डॉलरांसमोर बराच वेळ गंभीर उभे राहिले. बंगलोरच्या एका स्टुडिओत कॉलेजातून एकाच विद्यार्थ्याला वर्षभर काम शिकायला घेणार होते. सर म्हणाले, तुझेच नाव लिहून देतो.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारले.

"गप बसले."

मला त्या सरांचा संशय आला, तिच्या गप्प बसण्याचा आला, आणि बंगलोरच्या स्टुडिओचाही आला, जरी त्या बिचाऱ्याने अजून काहीच केले नव्हते. एवढ्यात आप्पा आत आले. शिरूरचा बाजार होता. खांद्यावर रिकामी पोती, पायांत जाड वहाणा. दारातून आत येताना त्यांची सावली आधी टेबलावर पडली, आणि मग ते त्या कागदावर वाकले. त्यांना अक्षर वाचता येत नव्हते. म्हणूनच ते इतका वेळ पाहू शकले.

"सारे, ह्यांच्या पाठीवरली रेघ कुठं गेली?"

सुरेशचे हसू ओठांवरच वाळले.

"मागच्या कागदावर पाठी व्हत्या," आप्पा म्हणाले. "ही मेंढरं न्हाईत. ह्ये किडं-मुंग्या हायेत."

"आप्पा, पुण्याच्या सरांना लई आवडलंय हे."

"आवडू दे की. त्यांची असत्याल." एवढे बोलून त्यांनी पोती सारखी केली आणि सुरेशकडे पाणी मागितले.

सारिका माझ्याकडे वळली. "मास्तर, तुम्ही सांगा. सांगून टाकू का? सांगितलं तर बंगलोर जाईल."

त्या क्षणी तिच्या नजरेत अर्धमिटला डोळा नव्हता. दोन्ही डोळे पूर्ण उघडे, माझ्यावर. मी चष्मा पुसला. मग म्हणालो, "प्रुफात चूक दिसली की मी खूण करतो. लेखकाला ती आवडली का, हे विचारत नाही."

वाक्य चांगले झाले होते. मला ते आवडलेही. आणि माझे एखादे वाक्य मला लगेच आवडले, की त्याचाच संशय घ्यायला हवा, हे मी त्या दिवशी विसरलो.

शेजारी एसटीडी बूथ होता. काचेच्या खोलीतला पंखा बंद, म्हणून तिने दार अर्धे उघडे ठेवले. तिकडचा आवाज ऐकू येत नव्हता. इकडची वाक्ये मात्र एकेक येऊन उन्हात पडत होती. पुण्याशी ती पुण्याची भाषा बोलत होती.

"सर, ते मुद्दाम नव्हतं... फॉन्ट नव्हता सर तिकडच्या मशीनवर... नाही सर, अर्थभंग नाही, नावं आहेत ती. मेंढ्यांची... हो सर, चूक आहे म्हणूनच सांगते... तुम्ही म्हणता ते खरं असेल सर, पण मी ते केलेलं नाही ना."

मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. वायर बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत. शेवटी "हो सर. कळलं सर," म्हणाली आणि रिसीव्हर इतक्या हळू ठेवला, की जणू आत कुणी झोपले आहे.

प्रदर्शनात तिने खरी नावे लावली, कर्व्ह करून, पाठींसकट. सरांनी शेरा दिला: 'प्रामाणिक, परंतु सुबोध.' सुबोध असणे हा दोष आहे, हे मला तेव्हा नव्याने कळले. बंगलोरला दुसरे कुणी गेले. सारिका सेकंड क्लासने पास झाली.

तो चुकलेला कागद मात्र दुकानातच राहिला. सुरेशने तो रद्दीत घालण्याऐवजी आतल्या भिंतीवर चिकटवला, ओल झाकायला. प्रुफे वाचताना माझी नजर वर गेली की त्यावर जाई. पहिल्या महिन्यात मी त्याची थट्टा केली. दुसऱ्या महिन्यात थट्टा सुचेनाशी झाली. पावसाळी ढगाळ दुपारी, दिवे गेलेले असताना, त्या मंद उजेडात मला त्यात एक कळप दिसू लागला, जो कुठल्याशा शहरातून चालला आहे आणि ज्याचे एकही नाव त्या शहरात कुणाला उच्चारता येत नाही. म्हणजे सर बरोबर होते की काय? मोठे शब्द वापरणारा माणूस एखाद्या वेळी खरेही बोलून जातो, ही शक्यता मी जन्मभर जमेस धरलेली नव्हती. एका पोरीने चुकून उघडलेले दार मी शुद्धलेखनाच्या नियमाने लावून घेतले होते, हा संशय मग माझ्यावरच आला, आणि या संशयिताला सोडून द्यावे असा पुरावा मला आजतागायत सापडलेला नाही.

हे मी तिला सांगितले नाही.

दिवाळीनंतर तिला नागपूरच्या एका छापखान्यात काम मिळाले, पाठ्यपुस्तकांची पाने लावायचे. गाडी दौंडहून होती. आप्पा आणि मी पोचवायला गेलो. पुण्याकडून आलेल्या गाडीचे इंजिन दौंडला काढतात आणि दुसऱ्या टोकाला जोडतात. पुढचा डबा मागचा होतो आणि गाडी आल्या अंगाने परत निघते. त्यात बराच वेळ जातो. फलाटावर सकाळचे कोवळे, तिरपे ऊन होते. कुरकुंभकडून वारा आला की कारखान्यांचा उग्र वास येई आणि आप्पा नाकाला धोतराचा सोगा लावीत.

"डब्यात कुणी काय दिलं तर खाऊ नगंस," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मी पाच वर्सं पुण्यात राहिले."

"म्हणून तर सांगतुया."

ती हसली, या वेळी न तोलता. मग आप्पा बाटली भरायला नळाकडे गेले. खिडकीच्या गजांतून तिने मला विचारले, अगदी सहज, जसे मुले जाता जाता स्पेलिंग विचारतात.

"मास्तर, त्या दिवशी मी गप बसले असते तर?"

माझ्याकडे उत्तर होते. ते भिंतीवर, ओलीच्या डागावर चिकटवलेले होते. ते दिले असते तर ती काय घेऊन गेली असती, पश्चात्ताप की मोकळीक, हे मला ठरवता येईना. मी खाकरलो. "नागपूरला थंडी फार असते. स्वेटर घेतलास ना?" असे काहीतरी म्हणालो.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, हनुवटी उचलून, डावा डोळा अर्धा मिटून. तेवढ्यात डब्याला हिसका बसला, आप्पा बाटली घेऊन धावत आले, आणि गाडी सुटली.

पुढे ती आणखी लांब गेली, असे ऐकतो. आप्पा गेले. दुकानाच्या जागी मोबाइलचे दुकान झाले. तिचा चेहरा आठवू गेलो तर आता कडा पुसट होतात. माणसे अशीच जातात, आधी समोरून आणि मग आठवणीतून. पण तिने खिडकीतून टाकलेला तो प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला आहे, आणि मी म्हातारा होत चाललो आहे, तरी त्याचे वय बावीसच्या पुढे सरकत नाही.