पटावरची आमटी

"नंदा, तुझ्या नवऱ्याची मान मोडली का गं? चार रोज झाले, जेवताना वर बघंना गेलाय."

चतुराबाईनं हे विचारलं तेव्हा सून तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनंही वर बघितलं नाही.

"पटाची गडबड हाय, आत्याबाई."

"गडबड पायाला असती. मानंला काय झालं?"

भागवत हा चतुराबाईचा एकुलता एक लेक. आईच्या समोर बसून, आईच्या हातचं खाऊन, आईकडंच न बघता उठून जायचं, ही रीत त्यानं कुठून आणली होती कुणास ठाऊक. लहानपणी मार खायचा असला की तो असाच जेवायचा. आता पन्नाशीला आला होता, अंगात पांढरेशुभ्र कपडे, दोन खिशांत दोन मोबाईल, आणि औंदा शंकरपटाच्या कमिटीचा अध्यक्ष. पण जेवणं तेच.

गावचा बैलांचा पट पंचक्रोशीत नावाजलेला. मंठ्याकडून, परतूरकडून, थेट अंबड-अंकुशनगरकडून जोड्या यायच्या. पण लोक नुसते बैल पळताना बघायला येत नसत. पटाच्या रानात, लिंबाखाली चूल पेटायची, आणि ती पेटवायचा मान चतुराबाईच्या घराचा. आधी सासूचा, मग तिचा. गावातल्या घराघरातून भाकरी यायच्या आणि ह्या घरातून येसर आमटी. आलेला माणूस बैलवाला असो की नुसता बघ्या, पंगतीला बसायचा. कुठला, कुणाचा, हे जेवण झाल्यावर विचारायचं. मधी पटावर बंदी होती तेवढी वर्षं चूल थंड राहिली. बंदी उठली, तशी चतुराबाईनं पुन्हा नारळ फोडला आणि पुन्हा त्याच जागी जाळ केला. हात म्हातारे झाले होते, आमटीची चव तीच होती.

महिनाभरापूर्वी भागवतच म्हणाला होता, "माय, औंदा येसर जास्तीचं कर. गर्दी लई व्हणार हाय."

चतुराबाईला बरं वाटलं. लेक अध्यक्ष झाला तरी घरचा मान विसरला नाही म्हणायचा. तिनं जोंधळा निवडला, हरभऱ्याची डाळ भाजली, धणे, जिरं, खोबरं, दगडफूल, एकेक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. गिरणीत दिलं की पीठ तापतं आणि वास उडून जातो, म्हणून जात्यावर दळलं. गुडघे मिटत नव्हते, तर एक पाय लांब सोडून दळलं. नंदाबाईच्या हाताला फोड आले. दोन मोठे डबे भरले, थोडं घरच्यासाठी बरणीत ठेवलं. भागवतनं डबे गाडीत घातले, आणि त्या दिवसापासून त्याची मान खाली गेली ती गेलीच.

पटाच्या दिवशी चतुराबाई भल्या पहाटे न्हाली. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसली. ताटात हळदकुंकू, कापूर, नारळ घेऊन ओट्यावर बसली. दरवर्षी कमिटीची माणसं वाजतगाजत न्यायला यायची. औंदा कुणी आलं नाही. लाऊडस्पीकर ओरडायला लागला, जोड्यांची नावं पुकारली जाऊ लागली, ऊन ओट्यावरून तिच्या मांडीवर आलं. शेवटी मोटारसायकल थांबली, ती कमिटीच्या वसंताची. चतुराबाई ताट घेऊन उठली. वसंता तिच्या बाजूनं आत गेला आणि नंदाबाईच्या हातून भला मोठा डबा घेऊन निघून गेला.

"नंदा, डबा कुणाचा?"

"त्यांचा. पाव्हणे हायेत म्हणं."

"पटात आमटी शिजून राह्यली आन् अध्यक्षाला घरचा डबा?"

नंदाबाई भांडी घासायला आत गेली. भांडी घासलेलीच होती.

चतुराबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि ताट हातात धरून एकटीच निघाली.

पटाच्या रानाला चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले. आत जायला एकच फाटक, आणि फाटकावर परगावचा एक दांडगा माणूस, गळ्यात ओळखपत्र. फाटकाशेजारी ढीग पडला होता. चतुराबाईला आधी वाटलं कचरा असंल. जवळ गेल्यावर दिसलं, भाकरी होत्या. फडक्यात बांधलेल्या, टोपल्यातल्या, कुणाच्या ठेच्यासकट. औंदा बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, हे गावातल्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या नेहमीसारख्या भाकऱ्या घेऊन आल्या होत्या आणि टोपली फाटकावर ठेवून गेल्या होत्या. दूरच्या माणसांनी आपापली शिदोरी आणलेली, तीही तिथंच. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या पडलेल्या. एक कुत्रं निवांत निवडून खात होतं.

कडेवर लेकरू घेतलेली एक बाई फाटकवाल्याला विनवत होती, "दादा, पाणी तर राहू द्या. लेकरू हाय."

"आत भेटतं, थंडगार."

"फुकट?" चतुराबाईनं मागून विचारलं.

तो हसला. "आजी, तिकीट दाखवा. आन् तो नारळ बाहेर ठेवा. खायची वस्तू न्यायची न्हाई आत."

"मंग तुझ्या टाळक्यावर फोडते, म्हंजे खायजोगा राह्यचा न्हाई."

माणसं हसली. तेवढ्यात वसंता पळत आला. "आरं सोड, सोड! अध्यक्षाच्या माय हायेत त्या!" नारळाचं ताट स्वतःच्या हातात घेऊन त्यानं चतुराबाईला आत घेतलं. लेकुरवाळ्या बाईलाही तिनं हाताला धरून आत ओढलं.

आत लिंबाच्या बाजूला मांडव. त्याच्याखाली ठेले एका ओळीत, सगळे जालन्याच्या राधेश्याम शेठच्या ठेक्यातले. वडे तळून राहिले होते ते तेल काळंकुट्ट, इंजिनातून काढल्यासारखं. अंगठ्याएवढ्या कागदी पेल्यात चहा, आणि दर असा की गावात त्यात घरभर चहा झाला असता. पाण्याची बाटली दुकानातल्यापेक्षा दीडपट, आणि थंडगार म्हणायची ती हाताला कोमट लागत होती. त्या बाईनं लुगड्याच्या गाठीतून पैसे काढले आणि बाटली घेतली. लेकरू तहानलेलं असलं की दर कोण विचारतं? तेच तर राधेश्यामला माहीत होतं.

चुलीच्या जागी गॅसची भट्टी होती. आणि भट्टीच्या वर, माणूसभर उंचीचं बॅनर. बॅनरवर चतुराबाई. नंदाबाईच्या भावाच्या लग्नातला फोटो, पदर डोक्यावर, तोंडभर हसू. सही करायला शिकताना ओळखीची झालेली आपल्या नावाची अक्षरं तिनं ओळखली. बाकीचं वसंतानं वाचून दाखवलं. "चतुराबाईची अस्सल येसर आमटी. एक ताट ऐंशी रुपये. बघा काकू, जिल्ह्यात नाव झालं तुमचं!"

खोटं कशाला सांगायचं, घडीभर तिला बरं वाटलं. एवढं मोठं तोंड तिनं स्वतःचं आरशातही बघितलं नव्हतं. मग तिचं लक्ष फोटोवरच्या झेंडूच्या हाराकडं गेलं.

"हा कुणी घातला?"

"शेठनं. सकाळी धंद्याच्या शकुनाला," वसंता म्हणाला आणि त्यानं नजर फाटकाकडं वळवली.

चतुराबाईनं हाराचं तिथंच सोडलं आणि पातेल्याकडं गेली. पातेल्यातलं रंगपंचमीच्या पाण्यासारखं लाल होतं. तिनं पळीनं तळहातावर घेतलं, जिभेला लावलं. मीठ. मैदा. रंग. आणि खूप खोल, विहिरीत पडलेल्या माणसाच्या हाकेसारखा, तिच्या येसराचा वास.

"शेठ, माझे दोन डबे कुठं गेले?"

राधेश्याम हात जोडून उठला. "हायेत ना मांजी. माल एकदम भारी तुमचा. पण एवढ्या पब्लिकला पुरंल का? म्हणून वरून भुरभुरतो जरा, वासापुरता."

"आन् मैदा?"

"दाट दिसायला पाहिजे ना. ऐंशी रुपये देतो माणूस."

"येसर आमटी दाट कधी असती का? भाकरीत जिरायला पाहिजे ती."

"आता ते भागवतभाऊंनाच विचारा. त्यांनी बघून पास केलंय."

बाकड्यावर दोन जवान पोरं जेवत होती. एक म्हणाला, "म्हातारीनं पैशापायी हात आखडला लेका. माझा बाप लई नाव काढायचा हिच्या आमटीचं."

"फोटोत बघ कशी हसून राह्यली," दुसरा म्हणाला.

ती त्यांच्या मागंच उभी होती. तोंडाला तोंड देण्यात सात गावांत तिला कुणी हरवलं नव्हतं, पण ह्या पोरांना काय सांगणार? त्यांनी पैसे दिले होते आणि त्यांच्या ताटात तिचं नाव वाढलं होतं.

लिंबाच्या पलीकडं सिराजोद्दीन आपल्या जोडीपाशी बसला होता. अंकुशनगरचा, कारखान्याला बैलगाडीनं ऊस वाहणारा. कचरूबा, म्हणजे चतुराबाईचा नवरा, होता तेव्हापासून पटाला येणारा. दरवर्षी तो भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट असं पुसायचा की धुवायचं काम राहायचं नाही. आज ताट पुढ्यात होतं, आणि आमटीवर साय धरली होती. चतुराबाईला बघताच तो भूत बघितल्यासारखा ताडकन उभा राहिला.

"भाभी? तुम्ही... या, या, बसा." त्यानं पोतं झटकून टाकलं.

"शिराजभाऊ, ताटात टाकलं आज?"

"पोट भरलं भाभी. उमर झाली."

"माझ्याशी खोटं बोलू नका. बैलं बी हसतील."

सिराजोद्दीननं डोक्यावरचा रुमाल काढला, पुन्हा बांधला. "नाराज न्हाई व्हायचं भाभी. आत आलो, तर फोटो दिसला, फोटोला हार. म्हणलो, या अल्ला, भाभी गेल्या आन् आपल्याला कुणी कळवलं बी न्हाई. ताट घेतलं, एक घास खाल्ला, तर पक्कंच झालं. म्हणलो, खरंच गेल्या. भाभी असत्या तर असं वाढलं असतं का? तुमच्यासाठी दुवा मागून बसलो व्हतो हितं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसतही होता. "फिर घास न्हाई उतरला."

चतुराबाईनं त्याचं ताट उचललं.

"भाभी, उष्टं हाय ते! ठेवा!"

"ऱ्हाऊ द्या. मला हेच पाह्यजे."

ताट घेऊन ती रानाच्या मधून चालत गेली. एक जोडी सुटायच्या बेतात होती, लोक "म्हातारी, म्हातारी, बाजूला!" ओरडत होते. ती बाजूला झाली नाही. जोडी थांबवावी लागली.

स्टेजवर पांढऱ्या चादरीचं टेबल होतं. फेटे बांधलेले पाहुणे, मधी भागवत. पुढ्यात नंदाबाईचा डबा उघडलेला. पातळ भाकरी, भरलं वांगं, आणि एका डब्यात आमटी. पायऱ्या चढतानाच तिला वास आला. तिच्या बरणीतलं येसर, लसणाची फोडणी, जशी असावी तशी आमटी. भागवत बोटं चाटत होता.

आईला बघून त्याची मान चार दिवसांत पहिल्यांदा वर आली.

"माय, उन्हात कशाला आलीस? वसंता, गाडी काढ रे, मायला घरी सोड जल्दी."

चतुराबाईनं ताट त्याच्यापुढं ठेवलं. "खा."

"जेवलो ना मी."

"घासभर खा. माझ्याच नावाचं हाय."

पाहुण्यांनी वाकून ताटात बघितलं. भागवतनं ताट हळूच बाजूला सारलं आणि तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "माय, तमाशा नको. ते पब्लिकसाठी हाय."

"आन् हे?" तिनं त्याच्या डब्याकडं बोट केलं.

"आगं, जमाना तसा न्हाई राह्यला. बक्षिसं, मंडप, स्पीकर, खर्चा किती हाय! फुकट कोण कुणाला चारतं आता? ठेकेदारानं पट उचलून धरला म्हणून पट हाय. आन् तुझं नाव खराब थोडंच केलं? उलटं मोठं केलं."

पाहुण्यांतल्या एकानं घसा साफ केला. खाली माणसं गोळा झाली होती. ती दोन जवान पोरं, हातात बाटली धरलेली ती बाई, मागं रुमाल हातात घेऊन सिराजोद्दीन. माईकवाल्यानं माईक बंद केला. त्याची गरज नव्हती. शेतातून शेतात बोलायचा आवाज होता तो.

"भागवत, आता मान वर हाय तवर ऐकून घे. पटाला खर्चा हाय, तिकीट लाव. फुकट चारायचं जमंना, आमटी इक. ऐंशीला इक, शंभराला इक, मी हू का चू करणार न्हाई, पण चव राखून इक. लोकाच्या भाकरी कुत्र्याला घातल्या, तहानलेल्या लेकराचं पाणी फाटकावर काढून घेतलं, जे तुझ्या स्वतःच्या घशाखाली उतरंना ते लोकास्नी चारलं, आन् वर माझं तोंड टांगलं. मी जिती असताना हार घालून टांगलं. घरची चूल अजून माझी हाय. तिच्यावर आजपासून तुझी भाकर पडायची न्हाई, आन् नंदानं चोरून घातली तर तिची बी पडायची न्हाई. भूक लागली की त्या मांडवात जायचं, रांगंत उभं ऱ्हायचं, बराबर पैसे द्यायचे, आन् त्या फोटोपुढं बसून ताट पुसून खायचं. आईच्या हातचं तुला आता तेवढंच."