पुराची पिशवी

पूर आला तर दागिने नि कागदपत्रं कुठे ठेवाल, असं आपत्ती कार्यालयाच्या माणसानं हिंदीत विचारलं, तेव्हा विद्याधरपंतांना तो सरकारी कमी आणि चोर जास्त वाटला. झाशीत परक्यांपुढे गुपितं बोलायला त्यांच्या घरात मराठी होती. त्यांनी बायकोला मराठीत बजावलं, "देवघराखालच्या पिशवीचं नाव काढू नकोस."

माणसानं शांतपणे फॉर्म भरला आणि तो मराठीत म्हणाला, "काकू, पाणी आधी तिथंच शिरेल. माळ्यावर ठेवा. आम्हीही मराठीच, इथल्या गुरसरायचे."

विद्याधरपंतांनी त्याला चहा पाजला, गोत्र विचारलं, फाटकापर्यंत पोचवलं. मग पिशवी देवघराखालून काढली. माळ्यावर मात्र ठेवली नाही. तीही जागा आता त्याला ठाऊक होती.