चार हात मागे

चांगुणाबाईने पहिल्याच रात्री खांबाचा दोर सोडला, त्याची गुंडाळी केली आणि उशाखाली घेतली. नेवाशात बाळंतिणीपाशी, तापकऱ्यापाशी, शेवटच्या घटका मोजणाऱ्यापाशी रात्र काढायला माणूस लागलं की तिलाच बोलावणं यायचं. पन्नाशीची, हाडाने काटक, आणि झोप अशी सावध की मांजर चाललं तरी जाग यावी. आपल्याला हे काम येतं हे तिला पुरतं ठाऊक होतं आणि ती ते लपवतही नसे.

या खेपेचं माणूस मात्र आजारी नव्हतं. यज्ञेश्वर तीस वर्षांचा, अंगाने दणकट, पण समज पाच वर्षांच्या पोराएवढी, जन्मापासूनच तसा. वडील होते तोवर त्याचा कुणाला त्रास नव्हता. चैत्रात तात्या गेले आणि हा रोज पहाटे उठून घर डोक्यावर घेऊ लागला. भांडी फेकायचा, ओरडायचा, धरायला जाईल त्याला मारायचा. रात्रीच्या सोबतीला ठेवलेले दोन गडी पळाले, त्यातला एक तर दंडावर दातांच्या खुणा घेऊन गेला. मग थोरल्या भावाने, सुमंताने, दोर आणला आणि रात्री त्याला खांबाला बांधू लागला. सुमंत कचेरीत कारकून; जे कागदावर मावत नाही ते त्याच्या डोक्यातही मावत नसे. त्याने डॉक्टरचा दाखला मिळवला, पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळाशी पत्रव्यवहार केला आणि पुढच्या सोमवारच्या सर्विस मोटारीत दोन जागा धरल्या. आई दमयंतीबाईंनी रडून आठ रात्री मागून घेतल्या, त्या चांगुणाच्या भरवशावर.

लढाईचे दिवस, रॉकेल मिळायची मारामार. चांगुणा अंधारातच पडून राहिली. पहाटे चारच्या सुमारास यज्ञेश्वर उठला. ती उठली, पण त्याला शिवली नाही. तो मागच्या पडवीत गेला, फळीवरचं एकेक भांडं हाताने चाचपून खाली टाकू लागला आणि शेवटचं भांडं पडल्यावर मोठ्याने रडू लागला. सुमंत काठी घेऊन धावत आला.

"भाऊसायब, जरा थांबा," चांगुणा म्हणाली. "त्यो फेकत न्हाई, हुडकतोय. काय हुडकताय, यज्ञादादा?"

"तात्या. पाणी," यज्ञेश्वर म्हणाला.

सुमंत म्हणाला, "रोज हेच. तात्या गेले हे त्याला कळत नाही, आणि कळायचंही नाही."

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं चांगुणाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण समोर काठी होती, म्हणून ते तिने गिळलं. सकाळी तिने दमयंतीबाईंना विचारलं, "काकू, तात्या पहाटचं काय करायचे?"

"प्रवरेवर स्नानाला जायचे. ह्याला घेऊन. येताना कळशी ह्याच्या खांद्यावर असायची."

"ती कळशी कुटं हाय?"

तात्यांची तांब्याची कळशी तेराव्याला दान दिली होती, नृसिंहभटांना. माणूस गेलं की त्याच्या वापरातली वस्तू द्यायची, ही रीतच. ती वस्तू जिवंत माणसाच्याही वापरातली आहे हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. दमयंतीबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई, त्याचं तेवढं एकच काम होतं," त्या म्हणाल्या.

पण दिलेलं दान माघारी घ्यायचं कसं? सुमंताने तर विषयच तोडला. दुसरी कळशी देऊन पाहिली. यज्ञेश्वरने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग चांगुणाने पदर खोचला आणि नृसिंहभटांचं घर गाठलं. भटजी सत्तरीचे, गुडघ्यांनी बेजार, ओट्यावर तेल चोळत बसले होते.

"भटजीबुवा, दान माघारी नको," ती म्हणाली. "कळशी तुमची, तुमच्याच घरी राहू द्या. फकस्त पहाटं ओट्यावर ठेवा. आमचा मानूस तुमच्या पूजेचं पानी भरून दील."

"आणि फेकली म्हणजे?"

"तांब्याची हाय. लई तर पोचा पडंल. तुमचे गुडघे त्याहून नाजूक हायेत."

भटजी हसले आणि तिथेच कबूल झाले. एक अट मात्र घातली. पाणी सोवळ्याचं, तेव्हा चांगुणाने कळशीलाही शिवायचं नाही आणि यज्ञेश्वरालाही नाही. चांगुणा म्हणाली, त्याला शिवायची गरजच काय?

दुसऱ्या पहाटे तिने दाराची कडी काढली. यज्ञेश्वर पुढे आणि ती चार हात मागे. भटांच्या ओट्यावरची कळशी दिसताच तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तिला पोटाशी धरून बसून राहिला. चांगुणाच्या डोळ्यांना धार लागली, आणि अंधार होता म्हणून तिने ती पुसलीही नाही. मग तो उठला, घाटावर गेला, बुडी मारली, कळशी भरली. वर येताना तिसऱ्या पायरीवर थांबला, कळशी थोडी कलती केली आणि म्हणाला, "हात." तिने हात पुढे केला नाही, करायचा नव्हता. पाणी पायरीवर सांडलं. भटांच्या दारी कळशी ठेवून तो घरी आला आणि ऊन वर येईपर्यंत झोपला.

असं पाच दिवस चाललं. भांडं पडलं नाही की कुणाला ओरखडा उठला नाही. रोज तिसऱ्या पायरीवर तो "हात" म्हणे आणि पाणी सांडे. हे काय असावं ते मात्र चांगुणाला उमगलं नव्हतं.

सुमंताचं मन तेवढ्याने वळणार नव्हतं. "नदीत गेला वाहून तर? जबाबदारी माझी आहे," तो म्हणाला. "रविवारी मी येतो. डोळ्यांनी बघेन, मग काय ते ठरवीन."

रविवारी तिघं निघाली. घाटाशी येईतो सगळं ठीक होतं. पण यज्ञेश्वरने शेवाळलेल्या पायरीवर पाय टाकला आणि सुमंताचा धीर सुटला. त्याने धावत जाऊन भावाचा दंड पकडला. यज्ञेश्वर किंचाळला, उलटा फिरला, त्याची मूठ वर गेली. ती मूठ पडली असती तर उद्याची मोटार चुकत नव्हती.

"भाऊसायब, हात काढा," चांगुणा म्हणाली. आवाज चढवला नाही, पण असा होता की कचेरीत कुणी सुमंताशी तसं कधी बोललं नसेल. "त्येला पायऱ्या तुमच्यापरीस म्हाईत हायेत. हात काढा आन मागं या."

सुमंताने हात काढला आणि तिसऱ्या पायरीवर येऊन उभा राहिला. यज्ञेश्वरची मूठ थोडा वेळ तशीच राहिली, मग खाली आली. त्याने बुडी मारली, कळशी भरली आणि वर आला. सुमंताच्या समोर थांबून त्याने कळशी कलती केली.

"हात," तो म्हणाला.

सुमंताला आठवलं. तात्या स्नान करून याच पायरीवर उभे राहायचे, धाकट्याकडून ओंजळीत पाणी घ्यायचे आणि सूर्याला अर्घ्य द्यायचे. लहानपणी सुमंताने ते किती वेळा पाहिलं होतं. चार महिने हा पोरगा रोज पहाटे तेवढ्यासाठी उठत होता, आणि आपण त्याला खांबाला बांधत होतो.

त्याने ओंजळ पुढे केली. पाणी बोटांतून गळायला लागलं तशी यज्ञेश्वरने आणखी ओतलं. सुमंत रडत होता. सूर्याला पाणी द्यायचं त्याला सुचलं नाही, तेव्हा यज्ञेश्वरनेच त्याला पूर्वेकडे तोंड करून दाखवलं.

सोमवारी मोटारीने चावडीपुढे भोंगा वाजवून वाजवून गावाचे कान किटवले आणि शेवटी दोन जागा मोकळ्या घेऊन ती नगरकडे गेली. सुमंत झोपला होता. यज्ञेश्वरही झोपला होता. चांगुणाने उशाखालचा दोर काढला आणि अंगणात दोन खांबांना ताणून बांधला. दमयंतीबाईंनी त्यावर दोघा भावांची दोन ओली धोतरं वाळत घातली.