बांगडा, हॅलिफॅक्स, हाजीर

माझ्या बहिणीला, गंधालीला, सातवा लागला तेव्हा तिने हॅलिफॅक्सहून फोन करून सांगितलं की बाळंतपणाला आई आणि बाबा दोघंही हवेत, एकटी आई चालणार नाही. आई त्याच संध्याकाळी डिंक शोधायला लागली. बाबांनी मात्र अट घातली. तिथे मासे खायला एक तरी धड हॉटेल आहे का ते आधी ठरू दे, मग बघू.

अट तशी साधी होती. हॅलिफॅक्स कॅनडाच्या पार पूर्वेच्या टोकाला, समुद्राला चिकटून आहे. कॅनडात फिरायला जाणाऱ्यांनी मासे कुठे खावेत यावर इंटरनेट नुसतं भरून वाहतंय. मी बाबांना चारपाच शिफारशी वाचून दाखवल्या. त्यांनी विचारलं, शिफारस कोणी केली? मी म्हटलं, तिथे जाऊन आलेल्या प्रवाशांनी. बाबा म्हणाले, ते आता कुठे आहेत? मी म्हटलं, आपापल्या घरी असतील. मग ती साक्ष धरता येत नाही, असं सांगून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आमचे बाबा, धाकू घाडीगावकर, दिंडोशीच्या कोर्टात पट्टेवाले होते. कोर्टाबाहेर उभं राहून ज्याची केस त्याच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही तर केस त्याच्याशिवाय चालते. त्याला एकतर्फी म्हणतात. बाबांचा आवाज असा की एकदा समोरच्या टपरीवर चहा पीत असलेला कुणी भलताच माणूस, ज्याची कसलीच केस नव्हती, पुकारा ऐकून आत येऊन उभा राहिला. त्याला पुढची तारीख मिळाली. तो त्या तारखेलाही आला.

तर बाबांनी ठरवलं की हॉटेलांची सुनावणी घ्यायची. व्हिडिओ कॉलवर.

सुनावणी आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या पडद्यावर व्हायची. आमच्याकडे कुकर लागायची वेळ म्हणजे तिकडे दुपारच्या जेवणाला हॉटेलं उघडायची वेळ, त्यामुळे ते जमून आलं. सोमवार, गुरुवार आणि शनिवारी कोर्ट बंद, कारण त्या वारी बाबा मासे खात तर नाहीतच, बघतसुद्धा नाहीत. गंधालीला गरोदरपणात माशाच्या वासाने मळमळायचं. म्हणून फोन हातात धरून हॉटेलाहॉटेलात हिंडायचं काम तिच्या नवऱ्याकडे, सुबोधकडे आलं. सुबोध विलेपार्ल्याचा. त्याच्या घरी सात पिढ्यांत कोणी अंडं फोडलेलं नाही. आमच्याकडे मुलगी मागायला आला तेव्हा दारात टांगलेल्या सुक्या बांगड्यांच्या माळेला तो तोरण समजला होता आणि छान आहे म्हणाला होता. बाबांनी ते विसरलेलं नाही.

पहिल्या हॉटेलात सुबोधसमोर कॉड आला. तळलेला, सोनेरी, चौकोनी, शेजारी बटाट्याचे काप. सुबोधने फोन ताटावर धरला.

"मुंडी खंय?" बाबांनी विचारलं.

सुबोधने वेटरला विचारलं. वेटरने मॅनेजरला विचारलं. मॅनेजर येऊन फार नम्रपणे म्हणाला की मासा मुंडीशिवायच येतो, बोटीवरून, खोक्यातून, गोठलेला. बाबा म्हणाले, तोंड न बघता ओळख पटवायची कशी? उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल मी मासा आहे. दावा फेटाळला.

दुसऱ्या हॉटेलात शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, होती. काचेच्या टाकीत, जिवंत, मुंडीसकट, त्यामुळे आईला आशा वाटली. पण तिच्या दोन्ही नांग्यांना रबरबँड लावलेले. बाबांनी ते पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच. कोर्टाच्या परवानगीशिवाय बेड्या घालून आणता येत नाही, म्हणाले. सुबोधने रबरबँड काढायची विनंती केली. मॅनेजरने सुबोधलाच बाहेर काढलं.

तिसऱ्या ठिकाणी कालवं आली, शिंपल्यातच, कच्ची, वर लिंबू. हे असंच खायचं असेल तर स्वयंपाकी कशाला ठेवलाय, एवढंच बाबांनी विचारलं. तिसराही दावा फेटाळला.

एव्हाना बिल्डिंगमध्ये बातमी पसरली होती. खालच्या मजल्यावरचे अंबादासकाका रोज वर यायला लागले. ते मूळचे जालन्याचे, आयुष्यभर लिफ्टदुरुस्ती केलेली, आणि समुद्र त्यांना लांबूनच आवडतो. पण समोरच्या पार्टीला वकील नको का, या एका मुद्द्यावर ते हॉटेलांच्या बाजूने उभे राहिले. माशातलं त्यांना सुकटीपलीकडे काही कळत नव्हतं आणि तसं त्यांनी सुरुवातीलाच कबूल केलं. वकिलाला अशिलाबद्दल फार माहिती असू नये, असं त्यांचं मत होतं.

"धाकूशेठ, कॉडला एकदा तरी संधी द्या," ते म्हणायचे. "बिचाऱ्याची मुंडी गेलीय, अजून काय पाहिजे तुम्हाला?"

चौथं हॉटेल धक्क्यावरचं होतं, डगल नावाच्या लालभडक दाढीच्या माणसाचं. सुबोधने त्याला दारातच सगळं सांगून टाकलं, कारण आता त्याला लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. डगलने ऐकून घेतलं, मागच्या दाराने बोटीवर गेला आणि एक अख्खा मासा घेऊन आला. मुंडी, शेपटी, सगळं जागच्या जागी. न सांगता त्याने कल्ला उघडून दाखवला. आत लालबुंद. म्हणजे ताजा.

तो बांगडा होता. म्हणजे जवळजवळ. पाठीवर आपल्या बांगड्याला नसतात तसे वळणावळणाचे काळे पट्टे होते.

"आपलोच आसा," बाबा म्हणाले. "थंडीमुळे जास्तीचे कपडे घातलेनीत."

आईने बॅग काढली. अंबादासकाकांनी माझ्याशी हात मिळवला. आणि बाबा म्हणाले, पुढची तारीख.

का, ते सांगेनात. पुढच्या बुधवारी डगलने पुन्हा बांगडा उभा केला. बाबांनी डोळे तपासले, पोट दाबून दाखवायला लावलं, सगळं मान्य केलं आणि पुन्हा तारीख दिली. शुक्रवारीही तेच. डगल चिडला नाही. उलट त्याने हॉटेलाच्या दारात पाटी लावली: आमच्या बांगड्याचं प्रकरण दिंडोशी, मुंबई इथे प्रलंबित आहे. बोटींतून उतरणारे प्रवासी ती पाटी वाचून आत शिरायला लागले. आजूबाजूच्या तिघांचे दावे फेटाळले गेलेत आणि हा निदान प्रलंबित आहे, हे त्यांना भरवशाचं वाटत असावं.

इकडेही कॅनडाला निघालेले लोक बाबांच्या सल्ल्यासाठी यायला लागले. घाटकोपरची एक बाई मुलाकडे व्हँकुव्हरला चालली होती, बाबांनी तिला जाताना पिशवीत आमसुलं ने म्हणून सांगितलं. मुलुंडचं एक जोडपं टोरंटोला जाणार होतं. टोरंटोत समुद्र नाही, तळं आहे, हे बाबांनी मला नकाशावर दाखवायला लावलं आणि तळ्याच्या माशावर मत द्यायला नकार दिला. त्या जोडप्याने तिकीट बदललं. नायगारा सोडून ते दोन तासांच्या वेगळ्या विमानाने हॅलिफॅक्सला गेले, डगलकडे बांगडा खाल्ला आणि आम्हाला काट्याचा फोटो पाठवला. काटा अगदी स्वच्छ होता. बाबांनी तो बराच वेळ पाहिला. ज्याने घर कधी सोडलं नाही त्याच्या शब्दावर लोक जगभर जेवत होते आणि इकडे गंधालीला नववा लागला होता.

व्हिसा आलेला होता. आईची बॅग भरलेली होती, पण बाबांना सोडून ती जाईना. मी एका संध्याकाळी बाबांना सरळ विचारलं की बांगड्यात खोट काय आहे. ते गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते.

"बांगड्यात काय नाय रे," ते म्हणाले. "विमानातून उतरलं की तिथला साहेब काय विचारतो?"

मी म्हटलं, का आलात म्हणून विचारतो.

बाबांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. म्हणाले, सर्वेश, मी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पुकारली. दारात उभा राहून पाहिलंय, शहाणीसुरती माणसं आत जाऊन स्वतःच्या बापाचं नाव विसरतात. मी कधी त्या कठड्यात उभा राहिलो नाही. माझं नाव कोणी कधी पुकारलेलं नाही. मला नाय जमायचं.

मी हे गंधालीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, उद्या बुधवार आहे ना, सुनावणी लाव.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. आईने भातावर झाकण ठेवलं, अंबादासकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले. पडद्यावर डगल बांगडा घेऊन उभा होता. तेवढ्यात सुबोधच्या हातून फोन कोणीतरी काढून घेतला, आणि गंधालीचा चेहरा आला. एवढं पोट घेऊन, नाकाला ओढणी बांधून ती धक्क्यावर आली होती.

तिने ओढणी खाली केली आणि पुकारा केला.

"धाकू सोनू घाडीगावकर, हाजीर हो."

आमच्याकडे मुलगी बापाला नावाने हाक मारत नाही. आईसुद्धा मारत नाही, ती 'ऐकलात' म्हणते. बाबा पडद्याकडे बघतच राहिले. आवाज त्यांचाच होता. आजवर आम्हाला वाटायचं तिने फक्त त्यांचं नाक घेतलंय.

"धाकू सोनू घाडीगावकर, हाजीर हो."

डगलच्या हॉटेलात जेवणारी दोन माणसं उभी राहिली. त्यांचा कशाशी काही संबंध नव्हता. अंबादासकाकांनी पुढची तारीख मागण्यासाठी हात वर केला आणि आईने तो खाली ओढला.

गंधाली थांबली. मग साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, आता तिसरा आहे. याला आला नाहीत तर मी एकतर्फी बाळंत होईन. नंतर अपील नाही."

तिने श्वास घेतला आणि तिसरा पुकारा केला. दोनदा दमली, पण पूर्ण केला.

बाबा उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. पायात चपला नाहीत हे पाहून त्या घातल्या, घरात, आईसमोर. मग टीव्हीसमोर येऊन उभे राहिले.

"हाजीर," म्हणाले. आवाज अगदी बारीक निघाला. त्यांनी खाकरून परत म्हटलं.

पुढचं मी इथूनच ऐकलं, कारण मला रजा मिळाली नाही. विमानतळावरच्या साहेबाने का आलात विचारलं तेव्हा बाबांनी सरळ उभं राहून सांगितलं की समन्स होतं. साहेबाने कोणाचं विचारलं. मुलीचं, म्हणाले. साहेबाने शिक्का मारला. आईच्या मते त्यालाही मुलगी असावी. बाबांच्या मते कागदपत्रं चोख होती.

हॉस्पिटलात ते रात्रभर बाकावर बसले नाहीत, दाराशी उभे राहिले, सवयीने. सकाळी नर्सने बाहेर येऊन गंधालीच्या घरचं कोण आहे विचारलं. बाबांनी पहिल्याच पुकाऱ्याला असं काही हाजीर म्हटलं की आणखी दोन खोल्यांतली बाळं रडायला लागली. मुलगी झाली होती. तिला हातात घेतल्यावर ते पहिल्यांदा काय म्हणाले ते आईने मला सांगितलं. मुंडी बरी आसा, म्हणाले.

दुपारी सुबोध त्यांना डगलकडे घेऊन गेला. आता बाबा फोनच्या पलीकडे होते. आमच्या हॉलमध्ये मी, अंबादासकाका आणि अर्धी बिल्डिंग पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो. डगलने दाढी विंचरली होती. मागे प्रवाशांची रांग होती, काही जणांनी पाटी वाचून मुद्दाम मुक्काम वाढवला होता. बांगडा आला, अख्खा, भाजलेला, डोळ्यासकट, शेजारी उकडलेले दोन बटाटे. बाबांनी हात धुतले, खुर्ची ओढली, ताट पुढे घेतलं आणि सुबोधला विचारलं, आज वार कोणता?

गुरुवार होता.

म्हणजे कोर्ट बंद. हॅलिफॅक्समध्येही. बाबांनी बांगडा हळूच ताटाच्या कडेला सारला, मुंडी दाराकडे करून, म्हणजे त्याचा अपमान होऊ नये. बांगडा न लागलेला बटाटा निवडून एक घास खाल्ला. डोळे मिटले. दुसरा खाल्ला.

"बटाटो बरो आसा," ते म्हणाले.

रांगेतल्या लोकांनी बटाटे मागवले. डगलने डोळे पुसले, मग खडू घेऊन बाहेर गेला आणि पाटी बदलली. आता तिथे लिहिलंय: बटाटा मंजूर, बांगड्याला शुक्रवारची तारीख.