यंत्र उत्तमच होतं

कंपनीत त्यांना सगळे गुरुजी म्हणत. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. व्हिडिओ गेमचे कन्सोल बनवणाऱ्या एका कंपनीत ते मुख्य इंजिनिअर होते. पण कुणी साधं "पंख्याचा आवाज का येतो?" एवढं विचारलं तरी गुरुजी फळ्याकडे वळत आणि विचारणाऱ्याचा चहा थंड होई.

खरं तर या यंत्राचं काम ते काय? टीव्हीला जोडायचं, कंट्रोलर हातात घ्यायचा आणि खेळत बसायचं. पण नव्या कन्सोलसाठी गुरुजींनी जी चिप घडवली ती पाहून स्पर्धक कंपन्यांच्या इंजिनिअरांनीही तोंडात बोटं घातली. पाहुणे आले की कन्सोल चालू करण्याआधी गुरुजी त्याचं झाकण उघडत. "हा आतला स्क्रू जन्मात कुणाला दिसणार नाही," ते म्हणत, "तरी त्याला पॉलिश केलंय." पाहुणे माना डोलावत. खेळायला काय आहे, हे विचारायचं त्यांच्या जिवावर येई.

आणि तिथेच घोडं अडलं होतं. कन्सोल कितीही भारी असला तरी त्यावर चालणारे गेम बहुतेक बाहेरच्या कंपन्या बनवतात. त्यांना बोलावून कंपनीने एक बैठक घेतली. गुरुजींनी प्रत्येकाच्या हातात चिपची माहिती देणारा असा जाडजूड ग्रंथ ठेवला की तो धरायला दोन्ही हात लागावेत. पुढच्या रांगेत एका छोट्या गेम कंपनीच्या मालकीणबाई होत्या. त्यांनी ग्रंथ न उघडताच विचारलं, "पडद्यावर एक बाहुलं नुसतं चालवून दाखवायला किती दिवस लागतील?"

"बाहुलं?" सोनाराला कुणी खिळा ठोकायला सांगावं तसा गुरुजींचा चेहरा झाला. "अहो, या चिपमध्ये एकाच वेळी कितीतरी कामं चालतात. ती एकमेकांच्या पायात येऊ नयेत एवढं शिकायलाच वर्ष जाईल. अवघड आहे, म्हणून तर इथे ऐरागैरा टिकणार नाही."

"आणि वर्षभर माझी माणसं काय करतील?"

"शिकतील."

"जेवण छान होतं," एवढंच म्हणून बाई निघून गेल्या. विक्री बघणारा साहेब खिडकीतून त्यांची गाडी जाताना बघत म्हणाला, "गुरुजी, ही बाई गेली."

"येईल. चांगल्या यंत्राकडे गेम आपोआप येतात."

गुरुजींच्या बायकोचा धाकटा भाऊ नेमका स्पर्धक कंपनीत होता. लहानपणापासून तोंडाची टकळी थांबत नसे म्हणून घरचे त्याला पोपट म्हणत. गेम बनवणाऱ्यांकडे जाऊन बसायचं, त्यांचं कुठे अडतंय ते ऐकायचं आणि आपल्या इंजिनिअरांकडून ते सोडवून आणायचं, ही त्याची नोकरी. कुणाची कंबर धरलीये, कुणाच्या आईचं ऑपरेशन आहे, हेही त्याला ठाऊक असे. गुरुजींच्या मते हा चहा पिण्याचा पगार होता.

एका सुट्टीच्या दिवशी सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले, तेव्हा पोपटाने आपल्या कंपनीचा नवा कन्सोल टीव्हीला जोडला. खेळ रंगात आला तोच गुरुजींनी स्क्रूड्रायव्हर मागितला. झाकण उघडून आत डोकावले आणि त्यांना बिचाऱ्याची कीव आली.

"पोपट, अरे, ही चिप आम्ही कधीच मोडीत काढली."

"म्हणून तर स्वस्तात मिळाली, भाऊजी. शिवाय ती सगळ्यांच्या हातातली आहे. गेमवाल्यांना नव्याने काही शिकावं लागत नाही."

"जावईबापू," सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या. गुडघेदुखीने त्या महिनोन्‌महिने घराबाहेर पडल्या नव्हत्या, पण आता लेकीबरोबर होड्यांची शर्यत लावून बसल्या होत्या. "ते झाकण लावा आधी. माझी होडी मध्येच अडकलीये."

होड्यांचा तो गेम त्याच मालकीणबाईंनी बनवलेला होता.

गुरुजींचा कन्सोल बाजारात आला तेव्हा पहिल्या दिवशी दुकानांबाहेर रांगा लागल्या. सोबत घोड्यांचा एक गेम होता. त्यात घोड्याच्या आयाळीचा केस न्‌ केस वेगळा हलायचा. लोकांनी दोन दिवस केस बघितले आणि मग दुकानात येऊन विचारलं, "आणखी काय आहे?" आणखी फारसं काही नव्हतं. गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक कन्सोल घेईना, आणि कन्सोल खपत नाही म्हणून कुणी गेम बनवेना. "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत दोघंही दारातच उभे राहिले. शेवटी कंपनीने हा विभागच बंद केला.

उरलेला माल हवामान खात्याने उचलला. शेकडो कन्सोल एकमेकांना जोडून तिथे वादळांचं गणित मांडू लागले. तिथल्या अधिकाऱ्याने आवर्जून फोन केला. "अप्रतिम यंत्र आहे हो. खेळण्यात फुकट गेलं असतं." आभार मानावेत की फोन आपटावा, हे गुरुजींना कळेना. त्यांनी आभार मानले.

गुरुजी हट्टी होते, पण मूर्ख नव्हते. घरी बसून कंटाळल्यावर ते एक दिवस मालकीणबाईंच्या ऑफिसात गेले आणि आपलं कुठे चुकलं, असं सरळ विचारलं. त्यांचा ग्रंथ एका मॉनिटरखाली होता.

"उंची अगदी बरोबर बसली," बाई जरा ओशाळून म्हणाल्या. "गुरुजी, यंत्र उत्तमच होतं. पण लोकांना गेम हवा असतो, यंत्र ते नाइलाजाने घेतात. तुम्ही त्यांना नाइलाजच विकायला निघालात."

गुरुजींना ते पटलं, आणि मनाला लागलंही.

पुढे पोपटाने शब्द टाकला आणि त्याच्या कंपनीने गुरुजींना नोकरीवर घेतलं. पहिल्याच बैठकीत मालक म्हणाले, "आता आपलं नाव झालंय. पुढचा कन्सोल सगळ्यांत ताकदवान काढू. गेमवाले जातात कुठे? येतील झक मारत."

गुरुजी उठून फळ्याकडे गेले. गिऱ्हाईक का थांबतं, गेमवाला का थांबतो, जिंकलेल्याच्या डोक्यात हवा कशी जाते, सगळं त्यांनी मांडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं थोडक्यात आणि सोपं झालं.

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गुरुजी, राग मानू नका. तुमच्या कंपनीचा कन्सोल बुडाला. बुडण्याचा अनुभव आम्हाला काय कामाचा? तुमची पुढची चिप तेवढी आम्हाला हवी. जी तुमच्या मनातच राहिली, ती. हात आखडता घेणार नाही."

जिन्यात पोपट म्हणाला, "नाही म्हणा, भाऊजी. मी तुमच्या बाजूने बोलतो."

"उद्या सकाळी सांगतो त्यांना."

दुसऱ्या दिवशी गुरुजी नकार द्यायला गेले, तर त्यांच्यासाठी एक खोली तयार होती. लांबलचक टेबल, स्वच्छ उजेड आणि कोपऱ्यात जुन्या कंपनीने दरवर्षी नाकारलेला सूक्ष्मदर्शक. तो चालतो का, एवढंच बघून मालकांकडे जाऊ, असं ठरवून गुरुजींनी डोळा लावला. दुपारी त्यांनी कागद मागवले. मालकांकडे जायचं राहिलं ते राहिलंच.

पोपट मात्र बैठकीमागून बैठकीत एकटाच भांडत राहिला. गेमवाल्यांकडे जाऊन बसायची आता गरज नाही, असं म्हणून मालकांनी त्याचा विभाग गुंडाळला. कुणाचं काही अडलं तर माहितीचा ग्रंथ होताच, गुरुजींनीच लिहिलेला. या वेळी दोन खंडांत. कन्सोल थाटामाटात आला आणि गुरुजींच्या पहिल्या कन्सोलच्या पावलावर पाऊल ठेवून गेला. लोकांची अजून तयारी नाही, असं मालकांनी जाहीर केलं. तोवर पोपट तिसऱ्याच एका कंपनीत लागला होता, आणि मालकीणबाईही आपला नवा गेम घेऊन तिथेच गेल्या होत्या.

त्यानंतर सासूबाईंकडे जेवताना पोपटाने पानातच बघत विचारलं, "भाऊजी, तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"फळ्यावर लिहून दिलं होतंत तुम्ही."

"हो."

"मग?"

गुरुजींनी घास खाली ठेवला. "तू ती चिप सूक्ष्मदर्शकाखाली बघितली नाहीस, पोपट."

पोपटाने बहिणीकडे पाहिलं. तिने नवऱ्याच्या पानात भात वाढला.