संस्थानांची चांदी

“डोळे मिटा म्हटलं ना!” बायकोनं दटावलं आणि टेबलावरच्या खोक्याचं झाकण काढलं. “हं, उघडा आता.”

लिफ्टवाल्यांनी डोळे उघडले. खोक्यातली नाणी लखलखत होती.

“मंजनानं घासली. तुम्ही क्लबात गेल्यापासून तेच करतेय. उद्या चारचौघांत मांडायची आणि अशी कळकट? लोक म्हणतील, बाईनं जन्मभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत डाग काढले आणि घरात ही तऱ्हा!”

जर्मनी एक देश होण्याआधी तिथं ढीगभर संस्थानं होती आणि प्रत्येकाला स्वतःचं नाणं पाडायची हौस होती. चांदीची ती नखाएवढी नाणी लिफ्टवाल्यांनी बावीस वर्षं एकेक करून जमवली होती. दोनशे वर्षांच्या हवेनं त्यांच्यावर काळा रंग चढवला होता आणि जाणकारांच्या लेखी सगळी किंमत त्या रंगालाच. तो घासून काढणं म्हणजे नाण्याचा जीव घेणं, हे नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबातल्या नवशिक्यालाही ठाऊक होतं. बायकोला तेवढं ठाऊक नव्हतं. तिनं कधी विचारलं नव्हतं आणि यांनी तिला कधी जवळ बसवून दाखवलं नव्हतं. आता दोष कुणाला द्यायचा?

क्लबात सगळे डॉक्टर, वकील. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला प्रदर्शनात टेबल मिळायला इतकी वर्षं लागली होती. ते टेबल उद्याचं होतं.

“आवडलं नाही का हो?” तिच्या बोटांच्या भेगांत अजून पांढरं मंजन होतं.

“आवडलं नाही कसं? तोंड दिसतंय त्यात!” ते हसले, मोरीत गेले आणि नळ सोडून नुसतेच उभे राहिले. ताप आला असं सांगून उद्या घरी बसता आलं असतं. पण तिनं त्यांचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. शेजारीच तिचे स्वतःचे चांगले कपडेही होते. ती पहिल्यांदाच येणार होती.

प्रदर्शनात नाणी मांडताना त्यांना नासाऊ संस्थानाच्या नाण्याचा खण रिकामा दिसला. गेलं असेल मोरीतून वाहून, असं म्हणून त्यांनी तेही गिळलं.

क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते भिंग घेऊन वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“हे कुणी केलं?”

मागे थर्मास उघडणारी बायको अभिमानानं पुढे सरकली. तिनं तोंड उघडायच्या आत लिफ्टवाले म्हणाले, “मी.”

“तुम्ही? अहो, अक्षरांत मंजन अडकलंय! मंजन दातांना लावतात, लिफ्टवाले. सगळ्या संग्रहाची माती केलीत की!”

आजूबाजूचे हसले. “हुक्की आली,” लिफ्टवाले म्हणाले. त्यांचे कान तापले होते. नंतर दिवसभर त्यांच्या टेबलावर कुणी वाकलं नाही. बायकोनं त्यांना दोनदा चहा ओतून दिला.

घरी आल्यावर तिनं दार लावता लावता विचारलं, “खोटं का बोललात?”

“खरं बोलून नाणी काळी झाली असती का?”

“मला हसले असते. हसू द्यायचं. माझी काय अब्रू जाणार होती तिथं? तुमची गेली.”

“असू दे गं. पुन्हा जमवू.” बावीस वर्षं पुन्हा कुठून आणायची, हे दोघांनाही कळत होतं.

ती आत गेली आणि घडी घातलेला रुमाल घेऊन आली. “हे खोक्यातल्या मखमलीखाली सरकलं होतं. सकाळी दिसलं. आल्यावर घासेन म्हटलं.”

रुमालात नासाऊचं नाणं होतं, काळंकुट्ट, जसंच्या तसं. तिनं ते दोन बोटांनी, अगदी कडेला धरून उचललं. असं धरायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं ती स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना बघत आली होती.

लिफ्टवाल्यांनी दुसरी खुर्ची ओढली. “बस इथं.” त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं.

“कुठलं हो हे?”

“नासाऊचं. एवढंसं संस्थान होतं.”

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले, आणि पाणी नाण्यावर पडू नये म्हणून तिनं घाईघाईनं मान वळवली.